गोड्या मसाल्यातलं दगडफूल थेट दक्षिण ध्रुवावर?

शेवग्याची_शेंग (धागाकर्ती)

गेल्या रविवारी वर्षाचा गोडा मसाला करायला घेतला. धणे, तीळ, खोबरं, नागकेशर सगळं ताटात निवडत बसले होते आणि भाचा समोर चहा पीत होता. हा भाचा नुकताच अंटार्क्टिकाहून परत आलाय. मैत्री या आपल्या तिथल्या स्टेशनावर उन्हाळी तुकडीबरोबर जनरेटरच्या कामाला गेला होता. मी दगडफुलाची पुडी सोडली, तसा त्याने त्यातला एक तुकडा उचलला, उलटा केला, काळी बाजू निरखली आणि म्हणाला, "मावशी, हे आमच्याकडे दगडादगडावर होतं."

आमच्याकडे म्हणे! तीन महिने काय राहिला, सासर झालं याचं.

पण मग फोनमधले फोटो दाखवले त्याने. तपकिरी दगड, त्यावर काळे-करडे चट्टे, आणि एका कपारीखाली झणझणीत नारिंगी, हळदीत कुंकू सांडल्यासारखं. मी आपली इतकी वर्षं समजत होते की तिकडे बर्फ, पेंग्विन आणि मग संपलंच. तर जाणकारांनो, हे खरंच दगडफूल का? आणि एवढ्या थंडीत झाडं-प्राणी जगतात तरी कसे? भाच्याला विचारलं तर म्हणतो, "मी डिझेल बघायचो, दगड नाही."

टवाळ_पंत

तिथल्या दगडफुलाचा मसाला आमटीला घातला तर आमटी फ्रीजमध्ये ठेवायला नको.

दोन_पोरांची_आई

वाचतेय. धाकटा शेजारी बसून प्रश्न विचारतोय, ते नंतर लिहिते.

काथ्याकूट

शीर्षकाला हरकत. मैत्री ध्रुवावर नाही. ते साधारण पावणेएकाहत्तर अंश दक्षिणेला आहे, म्हणजे ध्रुव तिथूनही दोन हजार किलोमीटरहून लांब. प्रत्यक्ष ध्रुवावर पावणेतीन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे, तिथे दगडच वर येत नाही तर दगडफूल कुठून येणार? बाकी धागा छान.

शेवग्याची_शेंग

@काथ्याकूट, म्हणून तर प्रश्नचिन्ह टाकलंय. :)

हिवाळी_मुक्काम

शेवगाताई, तुमचा भाचा बराचसा बरोबर आहे. मसाल्यातली जात वेगळी, तिथल्या जाती वेगळ्या, पण प्रकार एकच. बुरशी आणि शेवाळ यांचा हा एकत्र संसार. बुरशी घर बांधते, दगडाला घट्ट धरून ठेवते, आणि शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं. अंटार्क्टिकात असल्या दगडफुलांच्या शेकड्यांनी जाती आहेत. फुलं येणाऱ्या वनस्पती मात्र सगळ्या खंडात मिळून दोनच, एक गवत आणि एक बारीक फुलांची उशीसारखी झुडी, आणि त्याही दक्षिण अमेरिकेकडे वळलेल्या शेपटीवर व जवळच्या बेटांवर. मैत्रीजवळ त्या नाहीत. तिथे राज्य दगडफुलांचं आणि थोड्या मॉसचं.

मी बऱ्याच वर्षांपूर्वी मैत्रीवर एक अख्खा हिवाळा काढलाय, त्यामुळे थोडं लांबण लावतो. स्टेशन ज्या भागात आहे त्याला शिर्माखर ओअ‍ॅसिस म्हणतात. जेमतेम पस्तीसेक चौरस किलोमीटर उघडा खडक, मध्ये मध्ये तळी, आणि बाकी नजर जाईल तिकडे बर्फ. स्टेशनचं पाणी प्रियदर्शिनी तळ्यातून येतं. पहिले पंधरा दिवस मला तिथे काहीही जिवंत दिसलं नाही. मग उन्हाळी तुकडीतल्या एका वनस्पतीवाल्याने मला गुडघ्यावर बसवलं आणि भिंग हातात दिलं.

दगडावर पापडाच्या तुकड्यासारखं काहीतरी होतं, कडा वळलेल्या, काळपट करडं, मधोमध एकाच ठिकाणी दगडाला चिकटलेलं, जणू बेंबी. उम्बिलिकारिया म्हणतात त्याला, नाव बेंबीवरूनच पडलंय. मी बोट लावायला गेलो तर हात धरला त्याने. कोरडं असताना ते भाकरीच्या पापुद्र्यासारखं मोडतं. मग त्याने ड्रॉपरने तळ्याच्या पाण्याचा एक थेंब सोडला. पापड आधी मऊ पडला, मग कडा उलगडल्या, आणि मिनिटभरात करड्याचा हिरवट रंग झाला. ओलं झालं की वरची साल पारदर्शक होते आणि आतलं शेवाळ दिसायला लागतं, एवढंच. पण मला तेव्हा अंगावर काटा आला होता. थंडीचा नव्हे.

तो म्हणाला ते अजून लक्षात आहे. म्हणाला, इथे थंडीने कोणी मरत नाही, तहानेने मरतं. सगळीकडे पाणीच आहे, पण गोठलेलं, म्हणजे वाळवंटच. उन्हाळ्यात हवा शून्याच्या खाली असताना काळा दगड उन्हाने हाताला कोमट लागतो. त्याच्या कडेचा बर्फ थोडा वितळतो, आणि तेवढ्या वेळात दगडफूल पाणी पितं, चार घास खातं आणि ऊन उतरलं की पुन्हा बंद. बाकी वर्षभर ते मेलेलं नसतं आणि जगतही नसतं. मला त्याचा हेवा वाटायचा, विशेषतः जूनमध्ये, सूर्य उगवायचाच बंद झाला होता तेव्हा.

नारिंगी जे दिसलं तेही दगडफूलच. ते बहुतेक हिम-पेट्रेल नावाच्या पांढऱ्याशुभ्र पक्ष्याच्या कपारीखाली असतं, कारण वरून खत पडतं. पक्षी समुद्रात खाऊन येतो, दगडावर शिटतो, आणि त्यावर हा रंग फुलतो. कपारीत डोकावू नका पण. तो पक्षी पोटातलं तेल तोंडावर थुंकतो. स्वानुभव. जॅकेटचा वास पुढे कित्येक महिने गेला नाही.

टवाळ_पंत

थुंकणारा पक्षी! एसटी स्टँडवर बोर्ड लावायला हवा.

कासपठार

@हिवाळी_मुक्काम, दंडवत. मी सातारा भागात वनस्पतिशास्त्र शिकवते. मुलांना कासला नेते तेव्हा फुलांच्या आधी कातळ दाखवते आणि मुलं वैतागतात. तुमचा थेंबाचा प्रयोग आता दरवर्षी करणार.

त्या नारिंगी दगडफुलाची भर घालते. त्याच जातीचे नमुने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर, उघड्या अवकाशात, दीड वर्ष ठेवले होते. परत आणल्यावर त्यातले बरेच जिवंत निघाले. हवा नाही, पाणी नाही, अतिनील किरणांचा मारा, आणि हे आपलं बंद होऊन बसलेलं.

आणि वाढ? मॅकमर्डो या अंटार्क्टिकातल्या अमेरिकी स्टेशनाजवळच्या कोरड्या दऱ्यांमध्ये बुएलिया फ्रिजिडा नावाचं एक काळं दगडफूल आहे. काही ठिकाणी ते शंभर वर्षांत एक मिलिमीटरही वाढत नाही. रुपयाएवढा चट्टा दिसला तर तो शिवाजी महाराजांच्या आधीचा असू शकतो. त्याच दऱ्यांमध्ये काही तर दगडाच्या वरही येत नाहीत. वालुकाश्माच्या आत, पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर, कणांच्या फटीत राहतात. दगड फोडला की आत हिरवी-काळी रेघ दिसते. इम्रे फ्रीडमन यांनी १९७०च्या दशकात हे दाखवलं.

काथ्याकूट

म्हणजे दगडावरचं फूल नाही, दगडातलं फूल. नाव बदला.

दोन_पोरांची_आई

धाकट्याचे प्रश्न, जसेच्या तसे: (१) अस्वल पेंग्विन का खात नाही? (२) पेंग्विनचे पाय बर्फाला का चिकटत नाहीत? (३) तिथे डास असतात का?

हिवाळी_मुक्काम

पहिल्याचं उत्तर: कारण अस्वल उत्तरेला आणि पेंग्विन दक्षिणेला. दोघांची भेट फक्त कार्टूनमध्ये होते. पण बाळाला हेही सांगा की 'पेंग्विन' हे नाव आधी उत्तरेच्याच एका पक्ष्याचं होतं. ग्रेट ऑक, तसाच काळा-पांढरा, उडता न येणारा. शेवटची जोडी १८४४मध्ये आइसलंडजवळच्या एल्डे बेटावर मारली गेली. दक्षिणेला गेलेल्या खलाशांनी त्याच्यासारखे पक्षी बघून त्यांना तेच नाव दिलं. आज नाव आहे, मूळ मालक नाही.

दुसऱ्याचं: पायात खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या नळ्या आणि वर येणाऱ्या गार रक्ताच्या नळ्या एकमेकींना चिकटून असतात. खाली जाणारं रक्त आपली ऊब वर येणाऱ्याला देऊन टाकतं. त्यामुळे पाऊल गोठण्याच्या जरा वर एवढंच राहतं आणि अंगातली ऊब बर्फात वाया जात नाही.

तिसऱ्याचं उत्तर कासपठार मॅडम देतील.

कासपठार

डास नाहीत, पण डासाचा लांबचा भाऊ आहे! बेल्जिका अंटार्क्टिका, पंख नसलेली माशी, तांदळाच्या दाण्यापेक्षा छोटी. अंटार्क्टिकाचा कायम जमिनीवरच राहणारा सगळ्यात मोठा प्राणी हाच. पेंग्विन-सील समुद्रात खातात, म्हणून ते या हिशोबात नाहीत. अळी दोन वर्षं मॉसखाली काढते. अंगातलं सत्तर टक्के पाणी गेलं तरी मरत नाही. मग मोठी होते आणि आठ-दहा दिवसांत अंडी घालून संपते. पंख का नाहीत याला वाऱ्याचं कारण देतात: उडली की समुद्रात.

आणि खरे डास हवे असतील तर उत्तरेला, ग्रीनलंडला या म्हणावं. तिथे ढगांसारखे असतात.

दोन_पोरांची_आई

धाकटा म्हणतो, मग मला मोठं होऊन माशी व्हायचंय. कठीण आहे.

ट्रॉम्सोकर

नॉर्वेतून नमस्कार. दक्षिणेचं चाललंय म्हणून गप्प होते, पण उत्तरेची बाजू मांडायला कोणीतरी हवं.

दोन वर्षांपूर्वी जुलैत स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर गेले होते, ७८ अंश उत्तर. लाँगिअरब्येन गावाबाहेर पायी जायचं तर बरोबर बंदूकवाला लागतो, अस्वलांमुळे. आमचा वाटाड्या एका उतारावर थांबला आणि म्हणाला, "आपण आता जंगलात आहोत." मी इकडे तिकडे बघितलं. घोट्याएवढंही काही नव्हतं. त्याने बुटाकडे बोट दाखवलं. मी विलोच्या झाडावर उभी होते. ध्रुवीय विलो, खरंखुरं लाकूड असलेलं झाड, उंची दोन-तीन सेंटिमीटर. खोड जमिनीखाली आणि मॉसमध्ये सरपटत जातं, वर फक्त नखाएवढी पानं. जमिनीचा वरचा मीटरभर थर उन्हाळ्यात वितळतो, त्याखाली कायमची गोठलेली. मुळं तिथवरच जातात. मी पाय उचलला खरा, पण ठेवणार कुठे? सगळीकडे तेच.

फुलं मात्र भरपूर. पांढरं ड्रायास आणि ध्रुवीय खसखस, दोन्ही वाटीसारखी, आणि सूर्याबरोबर तोंड फिरवतात. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, त्यामुळे दिवसभर गोल गोल. वाटीत ऊन गोळा होऊन आत बाहेरच्यापेक्षा काही अंश जास्त ऊब राहते, आणि माश्या त्यात येऊन चक्क शेकत बसतात. पीटर केव्हन यांनी १९७५मध्ये ही ऊब मोजून दाखवली होती. मधमाश्यांची कामं तिथे बहुतेक माश्याच करतात.

अजून एक गंमत, पानफुटी माहीत असलेल्यांसाठी. बिस्टॉर्टा नावाचं एक रोप आहे. ते बी धरण्याच्या भानगडीत फारसं पडतच नाही. फुलांच्या तुऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर बारीक लाल गाठी धरतात, आणि त्यातल्या काहींना आईच्या अंगावर असतानाच पान फुटतं. बी पिकेपर्यंत उन्हाळा थांबेल याचा भरवसा नाही, म्हणून मूल तयार करूनच सोडायचं.

आता पाण्याबद्दल, कारण हिवाळी_मुक्काम यांचं वाक्य वाचून तेच डोक्यात आलं. तिकडे पाण्यावाचून हाल, इकडे पाण्याने हाल. स्वालबार्डचं रेनडिअर बुटकं, आखूड पायांचं, उन्हाळ्यात चरबी चढवून हिवाळाभर बर्फ उकरून खाणारं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीने संपतच आलं होतं, १९२५मध्ये संरक्षण मिळालं आणि वाचलं. थंडी त्याला काही करत नाही. पण आता ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो. पाऊस बर्फात मुरतो, जमिनीवर गोठतो, आणि खालच्या गवतावर काचेचं झाकण बसतं. खुराने ते फुटत नाही. अशा वर्षी काही रेनडिअर किनाऱ्यावर उतरून समुद्रातलं शेवाळ खातात. ते त्यांना मानवत नाही, पोट बिघडतं. आम्ही एक सांगाडा पाहिला, शिंगांसकट, आणि त्याच्या भोवती गोल हिरवंगार गवत. एकाचं शरीर दुसऱ्याचं खत. तिथे काहीच फुकट जात नाही.

रोखठोक

सगळं रंजक आहे, पण एक शंका. तापमान वाढलं तर तिकडे हिरवळ वाढेल, म्हणजे फायदाच ना? उगाच रडगाणं कशाला?

कासपठार

हिरवळ वाढतेय, हे खरं. ती दोन फुलझाडं काही बेटांवर झपाट्याने पसरतायत. पण दार त्यांच्याच पुरतं उघडत नाही. किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या स्टेशनजवळ १९८५मध्ये बाहेरचं साधं गवत सापडलं, बहुधा माणसांच्या सामानाबरोबर आलेलं, आणि ते मूळ धरून बसलं. शंभर वर्षांत मिलिमीटर वाढणाऱ्याने त्याच्याशी कशी स्पर्धा करायची?

वास्कोकर

यासाठीच आमच्याकडे गोव्यात तुकडी निघायच्या आधी बजावतात: बूट धुवा, खिसे झाडा, जॅकेटच्या वेल्क्रोमध्ये अडकलेली कुसळं काढा. पहिली भारतीय मोहीम मुरगावहूनच निघाली होती, ६ डिसेंबर १९८१ला, डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली. १९९८पासून ध्रुवीय संशोधनाचं केंद्रही आमच्या वास्कोत. आणि हो, तिथून दगडफूल खुडून आणायचं नाही कोणी. परवान्याशिवाय झाडपाला, मॉस, काही उचलता येत नाही. २०२२पासून आपला स्वतःचा अंटार्क्टिका कायदाही आहे.

रोखठोक

ठीक. पण पेंग्विनना काय फरक पडतो? ते पोहतात.

हिवाळी_मुक्काम

मोठे पोहतात, पिल्लं नाही. एम्परर पेंग्विन भर हिवाळ्यात, समुद्रावर गोठलेल्या बर्फावर अंडं घालतो. आई अंडं बापाच्या पायावर देऊन समुद्राकडे जाते. बाप दोन महिन्यांहून जास्त काळ ते पायावर, पोटाच्या घडीखाली धरून उभा. आधीचे दिवस धरले तर जवळजवळ चार महिने पोटात अन्न नाही. वादळात सगळे बाप एकमेकांना खेटून गोल करतात, आणि तो गोल सतत मुंगीच्या पावलांनी सरकत राहतो, म्हणजे कडेचा आत येतो. कोणी नंबर लावत नाही, शिट्टी वाजवत नाही.

पिल्लाचा लोकरीसारखा कोट पाण्यात भिजतो. पोहण्याची पिसं डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येतात, तोवर पायाखाली बर्फ टिकायला हवा. २०२२मध्ये बेलिंग्सहाउसेन समुद्रातल्या पाच वसाहतींपैकी चार ठिकाणी बर्फ आधीच फुटला. उपग्रहातून या वसाहती विष्ठेच्या तपकिरी डागांवरून ओळखतात. डाग होते, मग पाणी होतं. त्या चारही ठिकाणची पिल्लं वाचली नसावीत.

रोखठोक

हे माहीत नव्हतं. शब्द मागे.

टवाळ_पंत

रोखठोक यांनी शब्द मागे घेतले! बर्फ वितळतोय, सिद्ध झालं.

वास्कोकर

मासळीबद्दल कोणीच बोलेना, गोवेकर म्हणून सहन होत नाही. समुद्राचं पाणी उणे १.९ला गोठतं. माशाचं रक्त त्याच्या आधीच गोठायला हवं. मग ते मासे जिवंत कसे? आर्थर डिव्हरीज यांनी १९६०च्या दशकात मॅकमर्डोला शोधून काढलं की त्यांच्या रक्तात एक प्रथिन असतं. ते बर्फाच्या बारीक कणाला चिकटून त्याला मोठं होऊच देत नाही. अशाच जातीचं, दुसऱ्या माशाचं प्रथिन आता यीस्टमध्ये तयार करून आइस्क्रीममध्येही वापरतात, खडे होऊ नयेत म्हणून.

आणि आइसफिश! रक्तात तांबडेपणाच नाही, पाण्यासारखं रक्त. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत मोठेपणी हिमोग्लोबिनशिवाय जगणारं हे एकच घराणं. देवमाशांच्या शिकाऱ्यांना ठाऊक होतं, पण शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. योहान रूड यांनी १९५४मध्ये तपासून छापलं तेव्हा बसला. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, हृदय मोठं, रक्त पातळ, भागतं. कापला तर कल्ले पांढरे. आमच्या बाजारात कल्ले पांढरे असलेला मासा कोणी घेईल का? शिळा म्हणून परत देतील.

काथ्याकूट

२०२१मध्ये वेडेल समुद्राच्या तळाशी याच घराण्यातल्या एका जातीची घरटी सापडली, पोलारस्टर्न जहाजावरून कॅमेरा ओढताना. खडे मांडलेली गोल घरटी, बऱ्याच घरट्यांवर एक मासा राखण करतोय. अंदाज सहा कोटी घरट्यांचा. एकदाच बरोबर आकडा दिला, कोणी काथ्या कुटू नये.

शेवग्याची_शेंग

बाप रे, दोन दिवस लॉगिन केलं नाही तर एवढं! सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. भाच्याला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, नारिंगी फोटोच्या वर कपारीत काहीतरी पांढरं होतं, पण मी डोकावलो नाही. नशीब.

मी काय केलं सांगते. पुडीतला मोठा तुकडा बशीत ठेवला आणि वर चमचाभर पाणी घातलं. आधी काहीच झालं नाही. मग कडा सैल झाल्या, आणि राखाडी होतं ते हिरवट दिसायला लागलं! ह्यांना हाक मारून दाखवलं. हे म्हणाले, "भिजलंय, दुसरं काय." हे जिवंत असेल का हो?

कासपठार

रंग बदलला म्हणजे जिवंत आहे असं नाही, मेलेलंही ओलं झाल्यावर तसंच दिसतं. दुकानात किती महिने पडलं होतं, कुठे वाळवलं, त्यावर अवलंबून. पण मॉसमधल्या जलअस्वलांची गोष्ट ऐका. अगदी बारीक, आठ पायांचे जीव. जपानी संशोधकांनी १९८३मध्ये अंटार्क्टिकातून मॉस आणून उणे वीसला ठेवलं होतं. तीस वर्षांनी, २०१४मध्ये, वितळवून पाणी घातलं तर त्यातलं एक पाय हलवायला लागलं, आणि पुढे अंडीही घातली. म्हणून मी कोणाला मेलेलं म्हणायची घाई करत नाही.

टवाळ_पंत

ताई, मसाला झाला की नाही ते सांगा. आम्ही इथे चार दिवस आमटीच्या आशेवर बसलोय.

शेवग्याची_शेंग

झाला. दगडफूल तेलात परतलं, चुरचुरलं, कुटलं. बशीतला तुकडा तेवढा राहिला. तो बाल्कनीत, कढीलिंबाच्या कुंडीतल्या दगडावर ठेवलाय. सकाळी पाणी घालताना त्यालाही एक थेंब.